इलेक्ट्रिक रेडिएटर फॅनचा संच : फॅन उत्तम, रिलेचा होल्डर मात्र बदलूनच घ्यावा

जुन्या डिझेल जीपचा पट्ट्यावर फिरणारा पंखा काढून त्या जागी रिलेवर (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचवर) चालणारा इलेक्ट्रिक फॅन बसवण्याचा संच मी दिवाळीनंतर घेतला. मे महिन्यातल्या एका रविवारी पसरणी घाटात पाचगणीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग लागलेली असताना हा फॅन बंद पडला आणि तापमानाचा काटा लाल पट्ट्याला भिडला. फ्यूज शाबूत होता. रिले उपसला तेव्हा बॅटरीची वीज घेणाऱ्या ३० क्रमांकाच्या पायाभोवतीचे, रिले ज्यात खोचतात त्या होल्डरचे प्लॅस्टिक बुडबुडे येऊन फुगलेले, आतली पितळी पकड काळी पडलेली आणि त्यात रिलेचा पाय सैल हलत असलेला दिसला. ३० आणि ८७ (फॅनकडे जाणारी) या दोन जाड वायरी थेट जोडून फॅन चालू केला आणि घाट चढलो.

त्या दिवशी माझा सगळा राग रिलेवर होता. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या वायरमनकडे तो तपासला, तेव्हा ८५ आणि ८६ या पायांमधली, रिले चालवणारी कॉइल ठीक निघाली आणि आतले संपर्कबिंदूही स्वच्छ होते. ४० अँपिअरचा रिले निर्दोष होता. त्याला धरणारा होल्डरच तेवढा प्रवाह पेलणारा नव्हता. हा फॅन सुमारे १५ अँपिअर घेतो. सैल पकडीत ओहमचा दहावा हिस्सा एवढाच रोध निर्माण झाला, तरी त्या एका ठिकाणी २२ वॅटहून अधिक उष्णता तयार होते, म्हणजे छोटे सोल्डरिंग आयर्न सतत चालू ठेवल्यासारखेच. प्रवाह वाढत नसल्यामुळे फ्यूज उडत नाही, आणि म्हणूनच हा दोष अधिक धोकादायक आहे.

विक्रेत्याने ‘जळालेला भाग वॉरंटीत बसत नाही’ असे सांगून संपूर्ण वायरिंग पुन्हा विकत घेण्याचा सल्ला दिला. मी तो मानला नाही, कारण जो होल्डर एका उन्हाळ्यात वितळला तोच पुन्हा पैसे मोजून घेण्यात कोणतेही शहाणपण नव्हते. जाड पकडींचा नवा होल्डर, चार चौरस मिलिमीटरची वायर आणि नीट दाबून बसवलेले लग (वायरीच्या टोकाचे धातूचे जोड) एवढ्यावर काम भागले. खर्च विक्रेत्याने सांगितलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी आला. फरक मल्टिमीटरवर स्पष्ट दिसतो. बॅटरीवर १३.८ व्होल्ट असताना जुन्या वायरिंगवर फॅनला जेमतेम १२ व्होल्ट मिळत होते, आता साडेतेरा मिळतात, आणि रेडिएटरमधून ओढली जाणारी हवा हाताला जाणवण्याइतकी वाढली आहे.

संच घेऊ नका, असे मी मे महिन्यात अनेकांना सांगितले होते. ते मत आता बदलले आहे. फॅन आणि थर्मो स्विच (तापमानानुसार चालू-बंद होणारा स्विच) खरोखर चांगले आहेत : ९२ अंशांना फॅन सुरू होतो, ८७ ला थांबतो, थंडीत इंजिन लवकर गरम होते आणि चढावर पूर्वीची घरघर राहिलेली नाही. महामार्गावर समोरून येणारा वारा पुरेसा असल्यामुळे फॅन क्वचितच लागतो, म्हणूनच होल्डरचा दोष इतके महिने झाकला गेला. रांगेत, पहिल्या गिअरमध्ये, फॅन अखंड चालू लागल्यावरच तो उघड झाला.

जोडणी करणाऱ्यांनी ८६ ला इग्निशनवरून वीज द्यावी, ८५ थर्मो स्विचमधून अर्थ करावा आणि ३० ची वायर बॅटरीजवळच्या फ्यूजमधून आणावी. फॅनची अर्थिंगची वायरही पुरवठ्याच्या वायरीइतकीच जाड हवी. रंगावर घट्ट केलेला बोल्ट चालत नाही, पत्रा घासून उघडा करावा लागतो. साताऱ्याच्या पश्चिमेकडचा पाऊस लक्षात घेऊन मी होल्डर वायरी खाली राहतील असा उंचावर बसवला आहे. फॅन दहा मिनिटे सलग चालवून होल्डरला बोट लावावे : तो कोमट लागला तर ठीक, चटका बसला तर पकड सैल आहे असे समजून तो त्याच दिवशी बदलावा.