मोनेल ४०० की के-५००? खाऱ्या पाण्यातल्या पंपाच्या शाफ्टपुरता एक आढावा

समुद्राचे पाणी ओढणाऱ्या पंपासाठी स्टेनलेस स्टीलचा नाद एकदाचा सोडायचे ठरले, की चर्चा बहुधा मोनेल या निकेल-तांब्याच्या मिश्रधातूच्या दोन प्रकारांपाशी येऊन अडते: नेहमीचे ४०० घ्यावे, की त्याच घराण्यातले पण कितीतरी अधिक ताकदीचे के-५००? कोकण किनाऱ्यावरच्या एका कारखान्याच्या पंपघरात मी ही निवड दोनदा केली, पहिल्यांदा एका बाजूने आणि दुसऱ्यांदा दुसऱ्या. घटकांचे तक्ते कोणताही पुरवठादार देतो, ते येथे उतरवत नाही. माझा अनुभव मोजक्या पंपांचा आहे आणि मोजमापे काटेकोर ठेवलेली नाहीत, एवढे लक्षात घेऊन पुढचे वाचावे.

दोहोंचा पाया एकच आहे, साधारण दोन भाग निकेल आणि एक भाग तांबे. कॅनडातल्या सडबरीच्या खनिजात हे धातू जवळपास याच प्रमाणात सापडत. ते वेगळे काढण्याच्या खटाटोपाऐवजी एकत्रच राहू द्यावेत, या विचारातून विसाव्या शतकाच्या आरंभी इंटरनॅशनल निकेल कंपनीतल्या रॉबर्ट स्टॅनली यांनी हा मिश्रधातू तयार केला. कंपनीचे अध्यक्ष अँब्रोज मोनेल यांचे आडनाव त्याला मिळाले, मात्र आडनाव जसेच्या तसे व्यापारचिन्ह म्हणून चालत नसल्याने स्पेलिंगमधला एक ‘एल’ गाळावा लागला. के-५०० मध्ये या पायावर पावणेतीन टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम आणि अर्ध्या टक्क्याच्या आसपास टायटॅनियम पडते. भट्टीत दीर्घ काळ धरले की त्यांचे निकेलशी संयुग होऊन अतिसूक्ष्म कण धातूभर पसरतात आणि धातू कडक होतो. ४०० ला ही सोय नाही. ते गार अवस्थेत ओढून किंवा ठोकूनच काय ते कडक करावे लागते.

गंज हा या निवडीचा मुद्दाच होऊ शकत नाही, हे आधी सांगून टाकतो. वाहत्या समुद्रपाण्यात दोन्ही उत्तम टिकतात; वर्षाकाठी झीज ०.०२५ मिलिमीटरच्याही आत राहते असे हस्तपुस्तिका सांगतात, आणि आमच्या शाफ्टांवर ती डोळ्यांना दिसली नाही. पाणी साचून राहिले तर मात्र दोन्ही सारखेच फसवतात. पंप महिनाभर बंद पडला, आत शेवाळ आणि कालवे धरली, की त्यांच्या बुडाखाली बारीक खड्डे पडतात. त्यावर महाग धातू हा इलाज नसून राखीव पंपही आठवड्यातून एकदा फिरवणे हा इलाज आहे. पॅकिंग, म्हणजे गळती रोखायला शाफ्टभोवती भरलेली दोरी, ग्रॅफाइटचे असेल तर तेही बदलावे. खाऱ्या पाण्यात ग्रॅफाइटला टेकलेला धातूच गंजत जातो.

पहिल्या वेळी मी ४०० घेतले आणि त्याची कारणे आजही मला चुकीची वाटत नाहीत. दर कमी होता, सळई हव्या त्या व्यासात लगेच मिळत होती आणि वेल्डिंगला ते सोपे होते. शाफ्टवर येणारा पीळ हिशेबात ४०० ला सहज झेपत होता. हिशेबात न आलेली गोष्ट होती ग्लँड, म्हणजे शाफ्टभोवतीचे पॅकिंग दाबून धरणारा भाग.

आमचे पंप जुने आणि लहान होते. स्टफिंग बॉक्स, म्हणजे पॅकिंग भरायचा कप्पा, इतका अरुंद होता की शाफ्टवर स्लीव्ह (झीज झेलणारी नळी) चढवायला जागाच नव्हती. पॅकिंगची दोरी थेट शाफ्टवर घासत असे. उन्हाळ्यापर्यंत सारे ठीक चालले. पावसाळा लागला, खाडीचे गढूळ पाणी आत आले आणि त्यातली बारीक रेती दोरीत रुतून बसली. रेती रुतलेली दोरी म्हणजे पॉलिश पेपरच, आणि खाली शाफ्ट मऊ. नवरात्राच्या सुमारास ग्लँड गळू लागला. फिटरने नट आवळले, गळती थांबली, दोन दिवसांनी पुन्हा सुरू झाली. पुन्हा आवळले, तेव्हा ग्लँड तापू लागला. उघडून पाहिले तर दोरीच्या प्रत्येक कड्याखाली शाफ्टला एकेक खाच पडलेली होती. ती मायक्रोमीटरने मोजायची तसदी मी घेतली नाही. शाफ्टवरून नख फिरवले की ते प्रत्येक खाचेत अडकत होते आणि मला तेवढे पुरेसे होते.

नवी दोरी भरली तरी ती खाचांवर बसत नाही, हे अशा पंपांवर काम केलेल्या कोणालाही माहीत आहे. गळणारे खारे पाणी थेंबाथेंबाने बेअरिंग हाउसिंगवर पडते, ग्रीस पांढरे होते, आणि शाफ्ट शाबूत असताना बेअरिंग जाते. त्या एका हंगामात शाफ्टपेक्षा बेअरिंगांवरच आमचा अधिक खर्च झाला असावा. ग्लँडला बाहेरून गोडे पाणी देऊन रेती रोखता येते, तो उपाय योग्यही आहे. पण जेथे मे महिन्यात पिण्याचे पाणी टँकरने येते, तेथे पंपाच्या ग्लँडसाठी गोडे पाणी मागायला माझी जीभ वळली नाही. शाफ्टला हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा कडक मुलामा, करून पाहण्याचा सल्लाही मिळाला होता. खाऱ्या पाण्यात क्रोमच्या कडेने पापुद्रा सुटलेला मी पूर्वी पाहिला होता, म्हणून त्या वाटेला गेलो नाही.

या एका खाचेपायी दुसऱ्या वेळी के-५०० आले. कागदावर फरक ताकदीचा दिसतो: गरम लाटलेल्या ४०० च्या सळईची किमान यील्ड ताकद (ज्या ताणाला धातू कायमचा वाकू लागतो तो ताण) २७५ मेगापास्कलच्या आसपास, तर भट्टीतून कडक झालेल्या के-५०० ची ६९० च्या आसपास. मला त्या ताकदीची गरज नव्हती, तिच्याबरोबर येणारा कडकपणा हवा होता. पुढचा पावसाळा त्याच पाण्यात, त्याच फिटरच्या हाताखाली आणि त्याच प्रकारच्या दोरीवर गेला. दिवाळीनंतर ग्लँड उघडला तेव्हा शाफ्टवर दोरीच्या जागी चकचकीत पट्टे उमटले होते, पण नख कोठे अडकले नाही. त्या वर्षी पाऊस कमी होता, त्यामुळे रेतीही थोडी कमी आली असेल, ही शक्यता मी नाकारत नाही.

के-५०० सुखाचे नाही, हेही सांगायला हवे. सळई मऊ अवस्थेत घेतली तर ती लेथवर घालायची, अलाउन्स (नंतर उतरवायला थोडा जादा धातू) ठेवायचा, मग एजिंगसाठी, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे कडक करायला, भट्टीत द्यायची: सुमारे ६०० अंश सेल्सिअसला १६ तास, त्यानंतर टप्प्याटप्प्याने ५४० ला ६ तास आणि ४८० ला ८ तास. भट्टीवाल्याला एवढा वेळ एका लहानशा शाफ्टसाठी भट्टी अडवणे परवडत नाही, म्हणून तो तुमचा माल इतरांच्या मालाबरोबर घालायला बघतो, आणि तसे करू द्यायचे नसते. भट्टीत जाण्यापूर्वी कटिंग ऑइल आणि ग्रीसचा डागही राहता कामा नये, कारण त्यातले गंधक तापल्यावर निकेलमध्ये शिरून धातू ठिसूळ करते. शिवाय एजिंगमध्ये धातू किंचित आकसतो, एक मीटर लांबीला साधारण ०.२ मिलिमीटर. लांबीत हे चालून जाते, पण ५० मिलिमीटरच्या बेअरिंग सीटवर त्याचे ०.०१ होतात आणि बेअरिंग सैल बसते. लांब शाफ्ट भट्टीत थोडा वाकतो तो वेगळाच. आमच्या टर्नरने एकदा असा शाफ्ट वाक दाखवणारा डायल लावून फिरवला आणि काही न बोलता माझ्याकडे नुसते पाहिले.

म्हणून आता मी एजिंग झालेली सळईच घेतो आणि ती कडक अवस्थेतच कार्बाइडच्या टूलने उतरवून घेतो. टर्नर कुरकुरतो, टूलही अधिक जातात. गंमत अशी की ४०० वरही तो कुरकुरतच असे. मऊ असले तरी ते चिवट आहे. “हे कापलं जात नाही साहेब, ओढलं जातं,” हे त्याचे म्हणणे मला पटते.

खरेदी करताना एक काळजी घ्यावी. घासून-पुसून ठेवल्यावर दोन्ही सळया सारख्याच दिसतात, आणि एकदा के-५०० च्या प्रमाणपत्राबरोबर माझ्याकडे ४०० आलेले आहे. चूक होती की चलाखी, हे मी शोधत बसलो नाही. ४०० चा चुंबकीय गुण साधारण २१ ते ४९ अंशांच्या दरम्यान कोठेतरी हरपतो, त्यामुळे आपल्याकडच्या उकाड्यात त्याला लोहचुंबक कधी लागते, कधी लागत नाही. सळईचा तुकडा अर्धा तास बर्फात ठेवून मग लोहचुंबक लावावे. ४०० असेल तर ते ओढेल. के-५०० बर्फात सोडाच, शून्याखाली शंभर अंशांपर्यंतही सहसा दाद देत नाही. फक्त पृष्ठभागावर भट्टीचा काळा थर असेल तर तो आधी घासून काढावा, कारण त्या थराखाली निकेल वाढलेली पातळ कातडी असू शकते आणि तिला लोहचुंबक लागते. वजनानेही ओळखता येते, घनता घनसेंटिमीटरला ४०० ची ८.८० ग्रॅम आणि के-५०० ची ८.४४, किचनच्या काट्यावर हवेत आणि पाण्यात तोलले तरी फरक कळतो.

पत्र्याचे, नळाचे किंवा टाकीचे काम असेल, जेथे जागोजागी वेल्डिंग लागणार आहे, तेथे मी विचार न करता ४०० घेईन. कडक झालेल्या के-५०० ला वेल्डिंग केले तर बाजूला तडा जाण्याची भीती असते, आणि जोड धरला तरी त्याची ताकद मूळ धातूइतकी येत नाही. मोडलेला के-५०० चा शाफ्ट भरून घेता येत नाही, तो भंगारात जातो. हा खर्च दर विचारतानाच मनात धरलेला बरा. रिफायनऱ्यांमधल्या हायड्रोफ्लोरिक आम्लाच्या कामातही मूळ मान ४०० चाच आहे.

आणखी एका ठिकाणी के-५०० कडे मी जाणार नाही, ते म्हणजे पाण्याखालचे बोल्ट, जेथे जवळच जस्ताचे किंवा अ‍ॅल्युमिनियमचे अ‍ॅनोड बसवलेले आहेत. अ‍ॅनोड स्वतः झिजून पोलादाला गंजापासून वाचवतात, पण त्या प्रक्रियेत सुटणारा हायड्रोजन कडक, ताणलेल्या के-५०० मध्ये शिरतो आणि बोल्ट कोणतीही पूर्वसूचना न देता डोक्यापाशी तुटतो. समुद्रातल्या तेलविहिरींच्या उद्योगाला हा धडा महागात मिळाला आहे. आमच्या पंपांच्या सक्शनच्या जाळीवर असे अ‍ॅनोड आहेत, म्हणून जाळीचे बोल्ट ४०० चे आहेत आणि वरचा शाफ्ट के-५०० चा. स्टोअरमध्ये दोन्ही सळया वेगवेगळ्या मांडणीवर ठेवल्या असून के-५०० च्या टोकाला लाल रंग लावलेला आहे.