दाट वस्तीच्या गावाने काय व्हावं: ग्रामपंचायत राहावं, नगरपंचायत व्हावं की महापालिकेत जावं?

शहराच्या कडेला असलेल्या गावांत हा ठराव आज ना उद्या ग्रामसभेपुढे येतोच. शेत गुंठ्यागुंठ्याने विकलं गेलेलं असतं आणि दहा फुटी बोळात चार मजली इमारत उभी असते. सांडपाण्याला वाट नसते. अशा वेळी हात वर करण्याआधी तिन्ही पर्याय नीट पाहायला हवेत, कारण एकदा ग्रामपंचायत गेली की ती परत आणणं सोपं नसतं.

चर्चा बहुतेक घरपट्टीपासून सुरू होते आणि तिथेच संपते. मला विचाराल तर खरा प्रश्न वेगळा आहे: गावाचा आराखडा कोण बनवणार, आणि तो बनताना आपण कुठे असणार?

ग्रामपंचायतीत आराखडा म्हणजे खर्चाचा आराखडा. ‘आमचं गाव, आमचा विकास’ या सरकारी उपक्रमात गटार, अंगणवाडी, नळजोडणी यांची यादी होते आणि वित्त आयोगाचा पैसा त्यावर खर्च होतो. 15 व्या वित्त आयोगाच्या निधीतला महाराष्ट्रातला 80 टक्के वाटा थेट ग्रामपंचायतींना मिळाला, पण त्यातला मोठा भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. जमिनीचा नकाशा मात्र ग्रामपंचायतीच्या हातात नसतो. 1966 च्या प्रादेशिक व नगररचना कायद्याने ती नियोजन प्राधिकरण, म्हणजे जमीन वापराचा आराखडा करण्याचा अधिकार असलेली संस्था, ठरत नाही. गावठाणाबाहेर कुठे रस्ता, कुठे शाळा, कुठे निवासी पट्टा हे प्रादेशिक योजना ठरवते, आणि पुण्याच्या आसपास ते 2015 पासून पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) पाहते. सरपंच बोळ रुंद करायचं म्हणाले तरी त्यामागे नकाशाचं बळ नसतं.

तरी ग्रामपंचायतीचं एक बळ दुसरीकडे कुठेच नाही: ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर. मतदार यादीत नाव असलेला कुणीही उठून हिशेब विचारू शकतो. नगरपंचायत झाली की ही सभा संपते. ग्रामीण रोजगार हमीची कामं, ग्रामीण घरकुल, जलजीवन यांची दारंही बंद होतात, आणि जिल्हा परिषदेत गावाचा सदस्य उरत नाही. ज्या गावात निम्म्याहून अधिक घरं अजून शेतीवर आणि शेतमजुरीवर जगतात, तिथे हे नुकसान मोठं आहे. अशा गावाने घाई करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

नगरपंचायत ही घटनेने ‘संक्रमणातल्या’ वस्तीसाठी आखलेली रचना आहे. महाराष्ट्राच्या 1965 च्या कायद्यात त्यासाठी 10 ते 25 हजार लोकसंख्या आणि शेतीबाहेरच्या रोजगाराचं प्रमाण पाहतात. 17 प्रभाग, 17 नगरसेवक, आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या (पूर्वीच्या ग्रामसेवकाच्या) जागी मुख्याधिकारी. नगरपंचायत स्वतः नियोजन प्राधिकरण असते. ती विकास आराखडा करते, बांधकाम परवानगी देते, रस्त्याची रुंदी नकाशावर आणते. दाट वस्तीला हेच हवं असतं, कारण अग्निशमनाची गाडी आत शिरेल असा रस्ता केवळ ठरावाने तयार होत नाही.

याच ठिकाणी भीतीही आहे. आराखड्यात कुणाच्या दोन गुंठ्यांवर बागेचं किंवा रस्त्याचं आरक्षण पडतं आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. कायद्यात 10 वर्षांनंतर जागामालकाला नोटीस देऊन आरक्षण सोडवून घेण्याची वाट आहे, पण छोट्या माणसाला दहा वर्षं म्हणजे मुलीचं शिक्षण आणि लग्न दोन्ही. प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकतींची मुदत जेमतेम महिनाभराची असते. ज्या गावात लोक नकाशा वाचायला जातात, तिथेच नगरपंचायत लाभते.

महापालिकेबद्दल थोडक्यात. पैसा, यंत्रणा, मोठी पाणीयोजना तिच्याकडेच असते. पण गावाचा आवाज तिथे एका प्रभागाचा अर्धा-पाव हिस्सा होतो. पुण्यात 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं घेतली. त्यातल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाचीच्या लोकांची तक्रार होती की कर शहराचा लागला, पाणी मात्र टँकरचंच राहिलं. शेवटी 2024 मध्ये ही दोन गावं बाहेर काढून त्यांची वेगळी नगर परिषद झाली. कल्याण-डोंबिवलीची 27 गावं तर 1983 मध्ये आत, 2002 मध्ये बाहेर, 2015 मध्ये पुन्हा आत अशी फिरली. या फेऱ्यांत वाढलेली बांधकामं कुणाच्याच आराखड्यात नीट बसली नाहीत. हद्द एकजीव झाली असेल आणि जलवाहिनी खरोखर वेशीपर्यंत आली असेल, तरच हा पर्याय धरावा.

म्हणून 15 हजारांच्या पुढे गेलेल्या, शेती जवळपास सुटलेल्या गावासाठी मी नगरपंचायतीच्या बाजूने आहे. मात्र ठरावाआधी चार कामं ग्रामपंचायत असतानाच उरकावीत. स्वामित्व योजनेतली गावठाणाची ड्रोन मोजणी पूर्ण करून सनदा, म्हणजे घराच्या जागेच्या मालकीचे कागद, घराघरांत पोचवा. गायरान आणि मोकळ्या जागा मोजून नोंदीवर आणा, कारण उद्याची शाळा आणि दवाखाना तिथेच बसणार आहे. पाणंद रस्ते गावनकाशात दिसतात का पाहा. ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्यांचं नगरपंचायतीतलं समावेशन लेखी घ्या. सफाई आणि पाणी सोडणारी माणसं या बदलात लटकून राहतात, हे मी जवळून पाहिलं आहे.

सरकार आधी नगरपंचायतीची प्रारूप उद्घोषणा काढतं आणि हरकती मागवतं. ती निघाली की तिची प्रत चावडीवर, देवळात, किराणा दुकानात लावा. पुढे जमीन वापराचा नकाशा टांगला जाईल, तेव्हा आपला गट नंबर शोधायला घरातल्या बायकांनाही सोबत न्या. विहिरीची, पायवाटेची, पावसात पाणी तुंबणाऱ्या खोलगट जागेची खूण त्या नकाशावर नाही, हे बहुतेक वेळा त्याच आधी ओळखतात.