घरगुती झिगझॅग मशीन: आठ महिन्यांच्या उसवाउसवीनंतर

शिलाई मशीन विजेवरचं, पुढून बॉबिन (खालच्या दोऱ्याची छोटी रीळ) घालायचं, चार मिलिमीटरपर्यंत लांब टीप आणि पाच मिलिमीटरपर्यंत रुंद झिगझॅग मारणारं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. या किमतीतली बहुतेक मशिनं आतून भावंडंच असतात आणि खालचं जवळपास सगळ्यांना लागू पडतं. वापर ठाण्यातल्या वन बीएचकेत, जेवणाच्या टेबलावर, एक आख्खा पावसाळा धरून. कामही नवे कपडे शिवायचं नाही, आहेत ते अंगाबरोबर करायचं.

खोक्यावर टाक्यांचे वीसेक प्रकार छापलेले असतात. प्रत्यक्षात लागतात चार: सरळ टीप, झिगझॅग, काज आणि ब्लाइंड हेम, म्हणजे खालची घडी बाहेरून जवळजवळ न दिसता शिवणारा टाका. बाकीची वेलबुट्टी पहिल्या आठवड्यात चिंधीवर मारून बघायची आणि विसरायची. पैसे खरे वसूल होतात ते फ्री आर्ममुळे. समोरचा सामानाचा कप्पा ओढून काढला की मशीनचा अरुंद हात मोकळा होतो आणि त्यावर बाही किंवा पॅन्टचा पाय चढवता येतो. पायावर चालणाऱ्या जुन्या काळ्या मशीनवर हीच बाही आतून-बाहेरून फिरवत बसावं लागतं.

सगळ्यात जास्त काम निघतं ते रेडिमेड कुर्ती आत घेण्याचं, आणि त्यातच हिशेब चुकतो. कुर्ती छातीला एकूण दोन इंच सैल असेल तर प्रत्येक बाजूला अर्धा इंच आत घ्यायचं, एक इंच नव्हे. प्रत्येक शिवणीत पुढचा आणि मागचा असे दोन पदर असतात, म्हणजे चार वेळा अर्धा इंच. एकेक इंच घेतलंत तर चार इंच जातात आणि कुर्ती डोक्यातून खाली उतरत नाही. कुर्ती उलटी करून खडूने नवी रेघ आखा, आधी हाताने लांब धावदोरा घाला, अंगात घालून बघा आणि मगच टीप मारा. टीप बाहीच्या कडेपासून सुरू करून बगलेतून खाली बाजूच्या कटापर्यंत एकसलग न्यायची. फक्त बाजू आत घेतली आणि बाही तशीच सोडली, तर बगलेत कापडाचं बोचकं जमतं. बगलेत कोपरा न करता गोलाई द्या आणि तिथल्या मायेला (टिपेबाहेरच्या जादा कापडाला) टिपेच्या जरा अलीकडे थांबणारे दोन-तीन कात्रे द्या, म्हणजे शिवण ताणत नाही. खाली कटाच्या दोन इंच आधीपासून नवी टीप जुनीत हळूहळू मिसळवायची. सरळ कटावर नेऊन आपटली तर तिथे चुणी पडते आणि मागचा पदर बाहेर डोकावतो. उरलेलं कापड लगेच कापू नका. कुर्ती एकदा धुवा, घाला आणि हात पूर्ण वर करून बघा. लोकलमधली कडी धरताना बगल ओढली जात असेल तर अजून उसवता येतं. कापलेलं परत येत नाही.

जीन्सची उंची कमी करताना कंपनीची मूळ घडी तशीच ठेवता येते, आणि ठेवावीच. दोन इंच कमी करायचे तर पाय बाहेरून वर दुमडा आणि मूळ घडीच्या वरच्या कडेपासून दुमडीपर्यंत बरोबर एक इंच ठेवा. कापड दुहेरी दुमडलं जातं म्हणून निम्मं माप. झिपर फूट (फूट म्हणजे सुईजवळ कापड दाबून धरणारा मशीनचा पाय; हे अरुंद, कडेला चिकटून शिवायचं) लावून त्या जाड कडेला अगदी चिकटून, पण तिच्यावर न चढता, गोल टीप मारा. घडी खाली उलटवली की जोड कडेच्या सावलीत लपतो. आतलं जादा कापड एक सेंटिमीटर ठेवून कापा आणि कडेला झिगझॅग मारा. सुई १६ नंबरची जीन्सची, टीप ३ ते ३.५ मिलिमीटर.

अडचण येते ती बाजूच्या शिवणीवर, जिथे पाच-सहा पदर एकत्र येतात. तिथे फूट पुढून वर उचललं जातं, मागे तिरकं होतं, कापड पुढे सरकत नाही आणि सुई एकाच जागी टोचत राहून वाकते. आवाज बदलला की पाय पेडलवरून उचला. जीन्सचीच चिंधी त्या गाठीएवढी जाड घडी करून फुटाखाली मागच्या बाजूने सरकवा, फूट सपाट झालं की तेवढे सात-आठ टाके हाताने चाक फिरवून काढा. त्याआधी गाठ हातोडीने ठोकून घेतली तर काम निम्म्याने सोपं होतं. एवढं करूनही हे मशीन जीन्सचं नाही. आठवड्याला चार पॅन्ट करायच्या असतील तर नाक्यावरच्या टेलरकडेच द्या.

टी-शर्टला सरळ टीप मारली तर पहिल्यांदा डोक्यातून घालतानाच ती तटकन तुटते. बॉलपॉइंट सुई ११ नंबर, झिगझॅगची रुंदी जेमतेम १, लांबी २.५ मिलिमीटर. कड लाटेसारखी होत असेल तर हाताने ओढणं थांबवा आणि खाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा, कागद नंतर फाडून निघतो. ब्लाऊज सैल करणं सोपं: प्रत्येक बाजूला पाव इंच सोडलं की एकूण एक इंच मिळतो. मात्र सिल्कवर जुन्या टिपेची भोकं दिसतात, आणि घामाने बाजूचा रंग गेला असेल तर मायेतलं कापड गडद पट्टा होऊन समोर येतं. उसवण्याआधी आत डोकावून बघा.

आता मशीनबद्दलच्या तक्रारी. ‘खाली दोऱ्याचा गुंता होतो’ ही तक्रार सगळ्यात जास्त ऐकू येते आणि लोक बॉबिनवर राग काढतात. दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. फूट खाली ठेवून दोरा ओवला तर टेन्शनच्या (दोऱ्याला ताण देणाऱ्या) चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही, त्याला ताण मिळत नाही आणि तो खाली सैल सांडतो. फूट वर करून पुन्हा ओवा, बहुतेक वेळा तेवढ्यात मिटतं. टाके सुटत असतील तर आधी सुई बदला. या मशीनला सुईची चपटी बाजू मागे यावी लागते. खालचा ताण बघायला बॉबिन केस (बॉबिन बसते ती धातूची डबी) दोऱ्याला लटकवून हलका झटका द्या. थोडी घसरून थांबली पाहिजे. धाडकन खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट.

स्वस्त सुती रीळ मशीनला घालू नका, आठवड्यात कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली कापसाची गादी तयार होते. टेलर वापरतात ती पॉलिस्टरची मोठी नळी चांगली, पण ती मशीनच्या खुंटीवर बसत नाही. मशीनच्या मागे स्टीलच्या पेल्यात उभी ठेवली की दोरा सुरळीत येतो.

पावसाळ्याचा त्रास वेगळा. खाडीजवळच्या हवेत जुलैत पाकिटातल्या सुयांवरसुद्धा तांबूस ठिपके येतात, आणि अशी सुई रेशमातून धागा ओढते. सुया घट्ट डबीत, बुटांच्या खोक्यात येणारी सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा. मशीनवर प्लॅस्टिक नको, जुनी सुती उशीची खोळ घाला. आठ-दहा तास शिवल्यावर प्लग काढून सुईखालची पट्टी उघडा, ब्रशने कापूस काढा, शटल (बॉबिनभोवती दोरा फिरवणारा आकडा) फिरतं त्या कडीत मशीनच्या तेलाचा एकच थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन बसतं. तेलानंतरची पहिली टीप चिंधीवर.

आवाजाचं कुणी आधी सांगत नाही. वेगात टेबल थरथरतं आणि खालच्या मजल्यावर घरघर पोहोचते. जुन्या योगा मॅटचा तुकडा खाली घातला की ती बरीच कमी होते. तरी रात्री दहानंतर उसवायचं काम काढावं, शिवायचं नाही.

दुकानात डेमो बघायला जाल तेव्हा जीन्सची आणि टी-शर्टची चिंधी सोबत न्या. दुकानदार हमखास कडक मांजरपाटावर शिवून दाखवतो, त्यावर कुठलंही मशीन सुंदर चालतं. जीन्स चार पदरी करून पेडल हळू दाबा, सुरुवातीलाच मोटर नुसती गुणगुणून अडते का ते ऐका. आणि बॉबिन, सुया, झिपर फूट हे सुटे भाग तुमच्या जवळच्या बाजारात मिळतात ना, हे मशीन घेण्याआधी विचारून या.