नकट्या कुत्र्यांतली निवड: पग, शित्झू की फ्रेंच बुलडॉग?

फ्लॅटमध्ये मावेल असं कुत्रं हवं, हे घरात एकदा ठरलं की आपल्या शहरांत गाडी सहसा तीन नावांवर येऊन थांबते: पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग. पगला २००३ मधल्या हच मोबाइलच्या जाहिरातीने घराघरांत नेलं. फ्रेंच बुलडॉगचं वेड नवं. अमेरिकन केनेल क्लबच्या नोंदणीत २०२२ साली त्याने लॅब्रॅडॉरला मागे टाकलं आणि तिकडची हौस किमतीसकट इकडे आली. शित्झू मात्र ‘केस गळत नाहीत’ एवढ्या एका शिफारशीवर पसरला.

आकार तिघांचाही सोयीचा. पग ६ ते ८ किलोंचा, शित्झू साधारण ४.५ ते ८, फ्रेंच बुलडॉग ११ ते १२.५. तिघंही माणसाळू, पायात घोटाळणारे, थोड्या फिरण्यावर भागवून घेणारे. आठ-नऊ तास एकटं राहणं तिघांनाही जमत नाही. त्यामुळे स्वभावावरून निवड करायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही. खरा फरक पडतो तो तुमच्या गावची हवा, घरातल्यांचा रोजचा वेळ आणि डॉक्टरचं बिल या तीन ठिकाणी.

आधी नाक

नकट्या कुत्र्यांत कवटीचं हाड आखूड झालं, पण आतलं मांस त्या मानाने आखूड झालं नाही. मऊ टाळू घशात लोंबतो, नाकपुड्या चिंचोळ्या होतात, काहींची श्वासनळीच मुळात अरुंद असते. हवा ओढायला जोर लावावा लागतो आणि त्या जोराने घशाचा भाग आणखी सुजतो. लोक ज्याला कौतुकाने ‘घोरतो बघा’ म्हणतात, ते बऱ्याचदा हेच असतं. झोपेत हनुवटी उशीवर टेकवून मान वर ठेवणं, बसल्या बसल्या डुलक्या घेणं, तोंडात खेळणं धरून झोपणं, जेवल्यावर फेस किंवा अन्न बाहेर टाकणं, ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणं. शेवटचं फ्रेंच बुलडॉगमध्ये अधिक दिसतं.

केंब्रिज विद्यापीठातल्या तपासण्यांत पग आणि फ्रेंच बुलडॉग या दोन्ही जातींतल्या साधारण निम्म्या कुत्र्यांना श्वासाचा त्रास ठळकपणे आढळला. तिथली पद्धत सोपी आहे: आधी छाती-घसा स्टेथोस्कोपने ऐकायचा, मग कुत्र्याला ३ मिनिटं दुडक्या चालीने पळवायचं, पुन्हा ऐकायचं आणि ० (त्रास नाही) ते ३ (तीव्र त्रास) अशी श्रेणी द्यायची. शित्झूलाही हा त्रास होतो, पण सरासरीने कमी. नेदरलँड्सने २०१९ पासून मुस्कटाची लांबी कवटीच्या साधारण एक तृतीयांशापेक्षा कमी असलेल्या कुत्र्यांच्या पैदाशीला मनाई केली. आपल्याकडे तामिळनाडूच्या २०२४ च्या धोरणात पैदाशीला अयोग्य ठरवलेल्या जातींच्या यादीत पग आणि फ्रेंच बुलडॉग आहेत, शित्झू नाही. तुलना म्हणून एवढं पुरेसं बोलकं आहे.

त्याच्यापुढे हवेचा प्रश्न. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. धापा टाकून, नाकातली आणि जिभेवरची ओल उडवून ते अंग थंड ठेवतं. मुंबई, रत्नागिरी, पणजी इथे हवेतच एवढी ओल असते की जिभेवरची उडत नाही. म्हणून कोकणपट्टीत ३३ अंशांतसुद्धा नकटं कुत्रं बेजार होतं. तिथे वाळ्याचा कूलर लावणं म्हणजे खोलीत आणखी दमटपणा भरणं, उपयोग एसीचाच. नागपूर-अकोल्याला ४५ अंशांत तोच कूलर छान चालतो, मात्र दुपारी कुत्र्याला दाराबाहेर काढायचं नाही. पुणे-नाशिकला रात्री पारा उतरतो, हा पगसाठी मोठा आधार. ज्या घरी मे महिन्यात एसी दिवसभर चालणार नाही, त्या घराने किनारपट्टीवर फ्रेंच बुलडॉग घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

फिरणं उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आणि रात्री आठनंतर. रस्त्यावर तळहाताची मागची बाजू ७ सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही टेकवायचे नाहीत. गळपट्टा तिघांनाही नको, छातीचा हार्नेस घ्या. मानेवर ओढ बसली की श्वास अडकतो, आणि पगचे बटबटीत डोळे इतक्या उथळ खोबणीत असतात की हिसक्याने डोळा बाहेर येऊ शकतो.

ऊन लागलंच तर जीभ रुंद होऊन लोंबते, लाळ चिकट होते, हिरड्या आधी विटकरी आणि मग जांभळट दिसतात, पाय लटपटतात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. ते १०५ च्या वर गेलं की अवयवांना इजा व्हायला लागते. अशा वेळी आधी थंड करायचं, मग दवाखान्यात न्यायचं. नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, काखेत ओतत राहायचं आणि समोर पंखा. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. तोंडात पाणी ओतू नका. तापमान १०३ वर आलं की पाणी थांबवा आणि निघा.

केस, डोळे, कातडी

इथे अंदाज हमखास चुकतो. पगचे केस आखूड, म्हणून ‘सांभाळायला सोपा’ असं धरून चालतात. प्रत्यक्षात त्याला बहुधा दुहेरी कोट, म्हणजे केसांचे दोन थर असतात आणि बारा महिने केस झडतात. काळ्या कपड्यांचं कपाट विसरायचं. आठवड्यातून दोन-तीनदा रबरी ब्रश फिरवला तर निम्मे केस ब्रशमध्ये येतात, उरलेले सोफ्यावर. फ्रेंच बुलडॉगही गळतो, पण कमी.

शित्झूचं उलटं. केस गळत जवळजवळ नाहीत, पण वाढत राहतात, माणसाच्या डोक्यावरच्यासारखे. लांब ठेवायचे तर रोज १५ मिनिटं लोखंडी कंगवा मुळापर्यंत घालावा लागतो. वरवरचा ब्रश फसवतो: वर रेशमी, खाली जटा. जटा धरतात त्या कानामागे, काखेत, जांघेत आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली. एकदा बसल्या की सोडवत बसू नये, कापाव्यात. बहुतेक घरांसाठी दर ५-६ आठवड्यांनी आखूड कट हाच शहाणपणाचा मार्ग, आणि हा खर्च आयुष्यभराचा. उन्हाळ्यात अगदी कातडीपर्यंत भादरू नका. सेंटीमीटरभर केस राहू द्या. पावसाळ्यात पोट आणि पंजे रोज ओले होतात, ते गार हवेच्या ड्रायरने सुकवले नाहीत तर वास आणि बुरशी ठरलेली.

पगच्या नाकावरची घडी आणि फ्रेंच बुलडॉगच्या शेपटीखालचा खळगा रोज बघावा लागतो. ओल्या कापसाने पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. दुसरी पायरी गाळली तर पहिलीचा उपयोग उरत नाही. फ्रेंच बुलडॉगला त्वचेची अॅलर्जीही वारंवार होते: पंजे चाटणं, कान खाजणं, पोटावर लाल चट्टे.

डोळ्यांत पग सर्वांत नाजूक आणि शित्झू त्याच्या मागोमाग. डोळा मिचकावून धरला, पाणी गळतंय, बुबुळावर निळसर धुरकटपणा आलाय, तर त्याच दिवशी दवाखाना. बुबुळाला जखम आहे का हे डॉक्टर हिरव्या रंगाचा थेंब घालून पाहतात. तोवर घरातले जुने थेंब घालू नयेत. त्यात स्टेरॉइड असलं तर जखम चिघळून डोळा जाऊ शकतो. शित्झूमध्ये डोळे कोरडे पडण्याचा आजार बराच दिसतो. पिवळट चिकट चिपडं रोज येत असतील तर ती नुसती धूळ समजू नका.

पाठीचा कणा आणि पोटाचा घेर

फ्रेंच बुलडॉगची आखूड, पिळवटलेली शेपटी ज्या घडणीतून येते, तीच घडण पाठीच्या मणक्यांतही वेडेवाकडे तुकडे ठेवून जाते. त्याच्या जोडीला मणक्यांमधली चकती सरकण्याचा आजार, तोही तरुण वयात. आपल्या फ्लॅटमधल्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशा अशा पाठीला वाईट. कुत्रं जिथे वळतं आणि धावतं तिथे रबरी पाठीची चटई टाका, सोफ्याला पायरी लावा. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा ढुंगणाखाली. मागचे पाय अचानक लडखडले तर ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. शिवाय १२ किलोंचं कुत्रं लिफ्ट बंद पडल्यावर चार मजले कोण उचलणार, हे आजी-आजोबांच्या घराने आधी ठरवावं. या कुत्र्याला पोहताही येत नाही. डोकं जड, ते बुडतं.

पगचा शत्रू त्याचं पोट. त्याला पुरे म्हणणं ठाऊक नसतं आणि घशाभोवती चरबी चढली की आधीच अरुंद असलेली वाट आणखी बुजते. ७ किलोंच्या, नसबंदी झालेल्या पगला दिवसाला साधारण ४२० ते ४८० कॅलरी पुरतात, म्हणजे कोरडं खाद्य ११५ ते १३० ग्रॅम, दोन वेळांत मिळून. त्यात एक घडीची पोळी म्हणजे सुमारे १०० कॅलरी, त्याच्या दिवसाच्या जेवणाचा चौथा हिस्सा. चहाबरोबर सगळ्यांनी एकेक ग्लुकोज बिस्कीट दिलं तरी तेवढंच होतं. खाद्य वाटीने मोजू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजा. बरगड्या हलक्या बोटांनी लागायला हव्यात. शित्झूला साधारण पगइतकंच, फ्रेंच बुलडॉगला १८० ग्रॅमच्या आसपास.

शित्झूची अडचण निराळी: शी-शूची शिस्त लागायला वेळ लागतो. सहा-आठ महिने धीर धरायची तयारी नसेल तर गालिचे गुंडाळून ठेवा.

पैसा आणि प्रवास

फ्रेंच बुलडॉग महाग असण्यामागे बाळंतपण हे मोठं कारण. पिल्लांची डोकी मोठी, मादीचं कंबरेचं हाड अरुंद, त्यामुळे बहुतेक विणी सिझेरियनने होतात. ‘ब्लू’, ‘लायलॅक’, ‘मर्ल’ अशा रंगांना दुर्मीळ म्हणून जादा पैसे मागतात. हे रंग जातीच्या मान्य मापदंडात बसत नाहीत, आणि निळसर रंगात केस विरळ होऊन कातडी बिघडण्याचा आजार आढळतो. म्हणजे जास्त मोजून दुखणं विकत घ्यायचं. शित्झूत ‘टीकप’ आणि ‘इम्पीरियल’ हीसुद्धा विक्रीची नावं, वेगळी जात नव्हे.

खरेदीपेक्षा मोठा आकडा पुढे येतो. नाकपुड्या रुंद करणं आणि टाळू आखूड करणं ही शस्त्रक्रिया पग किंवा फ्रेंच बुलडॉग घेताना खर्चात धरूनच चालावं. ती तरुणपणी, घसा सुजून बिघडण्याआधी केली तर अधिक फळते. नसबंदीच्याच भुलीत उरकता येते का, ते डॉक्टरांना विचारा. भूल देणाऱ्यांना एक प्रश्न जरूर करा: शुद्धीवर येताना घशातली नळी केव्हा काढता? नकट्या कुत्र्यात ती पूर्ण जाग येईपर्यंत ठेवतात.

अनेक विमान कंपन्या नकट्या कुत्र्यांना सामानाच्या कक्षातून नेत नाहीत. रेल्वेत एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन मिळाली तर कुत्रं सोबत नेता येतं, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. मे महिन्यात त्या पेटीत पग ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. गावी जाणं-येणं वरचेवर असेल तर गाडीचा हिशोब आधी करा. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, तशी नकट्याच्या प्रवासालाही.

मग कोणाला कोण

किनारपट्टीवर राहणाऱ्यांनी, केसांवर खर्च आणि वेळ घालायची तयारी असेल तर, शित्झू घ्यावा. तिघांत त्यातल्या त्यात निर्धास्त तोच. पुणे-नाशिकसारख्या हवेत, घरात मुलं असतील आणि सगळे मिळून ‘एकही बिस्कीट नाही’ हा नियम पाळणार असतील, तर पग मजेत राहतो. फ्रेंच बुलडॉग त्यांनी पाहावा ज्यांच्याकडे एसी, मोठ्या दवाखान्याची सोय आणि शस्त्रक्रियेचे पैसे हे तिन्ही आहेत. तिघांपैकी कशातच मन बसत नसेल तर ल्हासा अॅप्सो बघा. मुस्कट डोक्याच्या साधारण एक तृतीयांश, श्वास मोकळा, केसांचं काम मात्र शित्झूएवढंच.

जात ठरली तरी एकाच विणीतल्या दोन पिल्लांत फरक असतो. नाकपुडी स्वल्पविरामासारखी उघडी दिसली पाहिजे, नुसती चीर नको. झोपलेलं पिल्लू तोंड मिटून, आवाज न करता श्वास घेतंय का ते ऐका. पिल्लाची आई बघायला मागा आणि सकाळच्या गारव्यात तिला ३ मिनिटं भरभर चालवा. घरघर ऐकू आली तर पिल्लातही ती येण्याची शक्यता धरा. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरची राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते आणि ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. केनेल क्लबचा कागद आई-बाप कोण ते सांगतो, तब्येतीबद्दल त्यात काही नसतं.

आणखी एक वाट आहे, ती फार जण धरत नाहीत: तीन-चार वर्षांचा, मालकाने सोडलेला पग किंवा शित्झू दत्तक घेणं. श्वासाचा त्रास पिल्लात लपून राहतो आणि साधारण वर्षभरानंतर उघडा पडतो. प्रौढ कुत्र्यात तो पाच मिनिटांत ऐकू येतो. घेताना आधीच्या घराकडून लसीचं पुस्तक, डोळ्यांची औषधं चालू आहेत का, आतापर्यंतचे एक्स-रे आणि गेल्या उन्हाळ्यात ते दुपारी कुठे झोपायचं, एवढं विचारून घ्या.