तारकर्लीच्या रूमपायी 18,999 रुपये गेले

मे महिन्यात आई, ताई आणि मुलांना घेऊन तारकर्लीला जायचं ठरलं. नेटवर समुद्रालगतचा होमस्टे दिसला. तीन रूम, दोन रात्री, 18,000. अर्धे आगाऊ, म्हणून 9,000 यूपीआयने पाठवले. मग ‘रूम लॉक करायला’ 4,999 डिपॉझिट. ते ‘सिस्टिमने घेतले नाहीत’, म्हणून पुन्हा 5,000. एकूण 18,999.

खरं तर पहिल्या फोनवरच कळायला हवं होतं. मी विचारलं, “वायरीकडे आहे की देवबागच्या अंगाला?” तो म्हणाला, “सर, सब बीच के पास ही है.” तारकर्लीत खोल्या चालवणाऱ्याला शेजारचं वायरी गाव ठाऊक नाही? पिन टाकण्याआधी स्क्रीनवर नाव आलं तेही भलत्याच बाईचं. म्हणे अकाउंटंट मॅडम. मी ते नाव नीट वाचलं आणि तरी पिन टाकला. मी अडाणी नाही, बावीस वर्षं हिशेबाचंच काम करतोय. पण सुट्टीत रूम मिळत नाहीत, तुतारी एक्स्प्रेसची तिकिटं काढलेली आणि हा दर दहा मिनिटांनी ‘दुसरी पार्टी थांबलीय’ म्हणणार!

खात्याचं नाव जुळत नसेल तर एक रुपयाही टाकू नका. व्हिडिओ कॉलवर खोली दाखवायला सांगा, टाळाटाळ केली तर विषय संपला.

कुडाळला उतरून रिक्षाने पोचलो. फोटोतलं घर खरंच होतं, पण देवबागला. फोटो चोरलेले. मालकीणबाई म्हणाल्या, “तुमी चौथे.” सत्तरीची आई उन्हातून येऊन त्यांच्या ओट्यावर मान खाली घालून बसली.

पोलीस ठाण्यात गेलो तर म्हणे पैसे पुण्यातून गेले, तिकडे तक्रार द्या. पुण्यात म्हणे प्रकार कोकणात घडला. अहो, हद्द कुठलीही असो, शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून घ्यायचा असतो, हे मी सांगायचं? बँकेतला साहेब म्हणतो, “पिन तुम्हीच टाकलात ना?” चार फेऱ्या झाल्या. चोराचं खातं कुणाच्या नावावर आहे ते यांना दिसतं, आणि आधारच्या झेरॉक्स मात्र माझ्याकडे मागतात!

4,999 परत आले नाहीत त्याच रात्री 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावायला हवा होता. तो भामटा ‘बिलात वळते करू’ म्हणाला, आणि लाजेपोटी मी घरीही बोललो नाही. आठ दिवसांनी लावला तोवर खातं रिकामं. तुम्ही एक तासही थांबू नका.

जाहिरात मी तीनदा रिपोर्ट केली. काल पाहिलं, देवबागच्या त्याच ओट्याचा फोटो अजून तिथे आहे आणि खाली नंबर नवा.