चिपळुणात ‘हेवी डिपॉझिट’वर फ्लॅट बघताय? आधी आमचं काय झालं ते वाचा

लिहावं की नाही, यात बरेच दिवस गेले. निम्म्या नातेवाइकांना आम्ही अजूनही ‘मालकाने ऐनवेळी नाही म्हटलं’ एवढंच सांगून ठेवलंय. पण गेल्या आठवड्यात कँटीनमध्ये नवीन रुजू झालेला एक मुलगा म्हणाला, “सर, चिपळुणात हेवी डिपॉझिटवर टू बीएचके मिळतोय, भाडं शून्य.” माझ्या हातातला घास हातातच राहिला. म्हणून आता सगळं लिहितो, आकड्यांसकट.

मार्च २०२५ मध्ये माझी डोंबिवलीहून लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीतल्या प्लँटला बदली झाली. एकट्याने खोली घेऊन राहावं आणि शनिवारी कोकण रेल्वेने घरी जावं, असं आधी ठरत होतं. पण आईची अँजिओप्लास्टी झालेली, मुलगी दहावीत जाणार, मुलगा तिसरीत. हिच्या एकटीवर सगळं टाकणं मला पटेना. तेव्हा बिऱ्हाडच हलवायचं ठरलं.

लोटे हे खेड आणि चिपळूण यांच्या मध्ये. कंपनीची बस दोन्हीकडून. खेडकडून यायचं तर भोस्ते घाट, चिपळूणकडून यायचं तर परशुराम घाट. आम्ही तीन शनिवार-रविवार नुसते फिरलो. कोकणात घर शोधताना आता पहिला प्रश्न पाण्याचा. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीने चिपळूणचं काय केलं ते साऱ्या महाराष्ट्राने पाहिलंय. जगबुडी नदीने खेडलाही सोडलं नव्हतं. चिपळूणच्या बाजारपेठेत एका दुकानदाराला विचारलं, पाणी कुठवर होतं हो? त्याने भिंतीवर हात ठेवून दाखवलं, तो हात त्याच्या स्वतःच्या डोक्याच्या वर होता. त्यानंतर तळमजला आणि पहिला मजला बघायचाच नाही, हे पक्कं झालं. घाटाचीही चौकशी केली. २०२२ च्या उन्हाळ्यात चौपदरीकरणासाठी परशुराम घाट रोज काही तास बंद ठेवला होता, पावसाळ्यात दरड येते, तेव्हा बस कुठून वळवतात, हे ड्रायव्हरला विचारून घेतलं. सकाळच्या पाळीच्या बसने स्वतः जाऊन घड्याळ लावून वेळ मोजली. शेवटी मुलीचे क्लास आणि आईसाठी डेरवणचं रुग्णालय जवळ, म्हणून चिपळूण नक्की केलं.

हे एवढं सांगतोय ते कळावं म्हणून, की आम्ही आंधळेपणाने गेलो नव्हतो. पाणी, घाट, शाळा, दवाखाना, सगळं तपासलं. घर कोणाचं आहे, एवढंच तपासलं नाही.

एजंट एका चहाच्या टपरीवर भेटला. फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर, रस्ता उंचावर, मागे आंब्याचं झाड, स्वयंपाकघरात उजेड. आईला तिथेच आवडला. ‘मालक’ चाळिशीचा, पांढरा शर्ट, बोलायला अतिशय नम्र. मला दादा, हिला वहिनी, आईच्या तर वाकून पाया पडला. म्हणाला, भाडं नऊ हजार घेतो, पण दादा तुम्ही फॅमिलीवाले, तुम्ही साडेचार लाख डिपॉझिट ठेवा, भाडं एक रुपया देऊ नका, जाताना साडेचार लाख जसेच्या तसे घेऊन जा.

आता तो क्षण. संध्याकाळचे साडेसहा झाले होते, लाइट होती. त्याने दार उघडायला जुडग्यातल्या तीन चाव्या लावून बघितल्या, चौथी लागली. आत अंधार. हॉलचा दिवा लावायला त्याने बोर्डावर एक बटण दाबलं, बाहेरच्या पॅसेजचा दिवा लागला. दुसरं दाबलं, काही नाही. तिसऱ्याने पंखा फिरायला लागला. चौथ्याला ट्यूब लागली. ‘इथे आम्ही सात वर्षं राहिलो, मग धाकट्या भावाकडे गेलो’ असं तो पाचच मिनिटांपूर्वी जिन्यात सांगत होता. सात वर्षं राहिलेल्या माणसाचा हात अंधारातसुद्धा बरोबर बटणावर जातो. मी शेजारी उभा होतो आणि मोबाइलचा टॉर्च मी धरला होता. चारही बटणं मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. रात्री झोप लागत नाही तेव्हा मला तो पंखाच फिरताना दिसतो.

खाली जिन्याजवळ सोसायटीचा नावांचा फळा होता. त्या फ्लॅटच्या आकड्यासमोर दुसरंच आडनाव. हिने विचारलं. तो म्हणाला, “ते आधीचे मालक वहिनी, फळा रंगवायचा राहिलाय.” परतीच्या गाडीत ही पुन्हा म्हणाली, अहो ते नाव वेगळं होतं. मी तिला गप्प केलं. शाळेचा प्रवेश अडेल, रोज रोज कोण चिपळूणला येणार, असं काहीतरी चिडून बोललो. यासाठी तिची माफी मी मागितली आहे, इथे पुन्हा मागतो.

पैसे असे गेले. २६ एप्रिलला टोकन म्हणून ११,००० यूपीआयने. ५ मे ला २,३९,००० एनईएफटीने. ११ मे ला उरलेले २,००,००० रोख, कारण त्याला म्हणे बहिणीच्या हक्कसोडपत्रासाठी रोखच लागत होती. हे दोन लाख मी त्याला खेड स्टेशनबाहेर दिले. पावती घेतली, पण त्याने तारीख घातली नाही आणि मीही बघितली नाही. एजंटची दलाली १५,०००, टेम्पो १८,५००, नंतर सहा रात्री लॉजचे ७,२००. एकूण ४,९०,७०० रुपये. साडेचार लाखांची आईच्या नावावरची एफडी मोडली होती. बाबांच्या पश्चात आलेले पैसे होते ते.

साधा हिशेब मी तेव्हा करायला हवा होता. नऊ हजारांनी वर्षाचं भाडं होतं १,०८,०००. म्हणजे हा माणूस माझ्या साडेचार लाखांवर मला वर्षाला चोवीस टक्के देत होता. एवढ्या व्याजाने कोण पैसे उचलतं? ज्याला परत द्यायचे नसतात तो.

आणि करार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची असते. ऑनलाइन होतो, आधारवर दोघांचे अंगठे लागतात. मी डोंबिवलीत भाड्याने राहत असताना दोनदा केला होता, मला माहीत होतं. पण हा सांगायचा, सर्व्हर डाऊन आहे, माझा अंगठा उमटत नाही, आधार अपडेटला टाकलंय, पुढच्या आठवड्यात नक्की करू, तोवर नोटरी करून ठेवू. तेव्हा ५०० च्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केली. सोबत खरेदीखताच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, नावाच्या जागी शाईचा काळा डाग. अठरा वर्षं प्लँटमध्ये परमिटवर सही असल्याशिवाय मी कुणाला व्हॉल्व्हला हात लावू दिलेला नाही, आणि इथे झेरॉक्सवरच्या डागावर घरचे पैसे दिले. आमच्या करारावर मुद्रांक शुल्क शंभर-सव्वाशे रुपये झालं असतं आणि नोंदणी फी १,०००. मालकाचा अंगठा उमटत नसेल तर पैसेही देऊ नका. कुठलंही कारण ऐकू नका.

१ जूनला रविवारी सकाळी टेम्पो पोचला. त्या वर्षी पाऊस मे मध्येच आला होता, ताडपत्रीवरून पाणी गळत होतं. दोन्ही पोरं गाडीत झोपलेली. मी चावी घेऊन वर गेलो तर दार उघडं. आत एक बाई गॅसवर दूध तापवत होत्या. मी म्हटलं, तुम्ही कोण? त्या म्हणाल्या, आम्ही भाडेकरू, कालच आलो, तुम्ही कोण? त्यांचे मिस्टर बाहेर आले, त्यांनी कपाटातून करार काढला. तेच ५०० चं स्टॅम्पपेपर, तीच नोटरी, तोच काळा डाग. त्यांनी दिले होते ३,८०,०००. दुपारी तिसरं कुटुंब आलं, त्यांचे ५,००,०००. तिघांचे मिळून १३,३०,०००. फोन सकाळपासून बंद.

खरे मालक विरारला राहतात, गणपतीला आणि मे महिन्यात येणारे. त्यांनी हा फ्लॅट त्या माणसाला साडेसात हजार भाड्याने दिला होता, तोही नोंदणी न करता. फळ्यावरचं नाव त्यांचंच होतं. कोकणात बंद घरं अशी किती आहेत बघा. चाकरमानी मुंबईला, चावी शेजाऱ्याकडे किंवा भाडेकरूकडे, वर्षातून दोनदा साफसफाई. ज्याच्याकडे चावी तो मालक, असं बाहेरच्याला वाटतं. मुंबईत बसून गावचं घर भाड्याने देणाऱ्यांनो, तुम्हीही नोंदणी करा. तुमची हजार रुपयांची टाळाटाळ आम्हाला लाखांत पडली.

आता पोलीस. २ जूनला सोमवारी आम्ही तीन कुटुंबं गेलो. तीन तास बाकावर. साहेबांनी करार चाळला आणि म्हणाले, ही दिवाणी बाब आहे, वकील गाठा. एक फ्लॅट तीन जणांना देऊन पळून जाणं दिवाणी बाब कशी होते, हे मला आजपर्यंत कुणी सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी दुसरे साहेब. ते म्हणाले, रोख खेडला दिली ना, मग खेडला जा. खेडला गेलो, ते म्हणाले फ्लॅट चिपळूणचा, चिपळूणला जा. कोणी म्हणालं, एनईएफटी डोंबिवलीतून केली, तिकडेच तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून नवा कायदा आहे, हद्द कुठलीही असो, तक्रार कुठल्याही ठाण्यात घ्यावी लागते, त्याला झीरो एफआयआर म्हणतात. हे मी त्यांनाच सांगितलं. “आम्हाला कायदा शिकवू नका,” असं उत्तर मिळालं, माझ्या मुलीसमोर. साधी अर्जाची पोच, शिक्का मारून, तिसऱ्या खेपेला दिली. पोच घेतल्याशिवाय ठाण्यातून बाहेर पडू नका, शिक्का आणि तारीख दोन्ही बघा.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. पैसे जाऊन चार आठवडे झालेले. हा नंबर पैसे गेल्यागेल्या, तासाभरात लावायचा असतो, तेव्हा रक्कम अडवता येण्याची शक्यता जास्त असते. शिवाय तिकडून ऐकवलं, तुम्ही माणसाला भेटून स्वतःहून पाठवलेत. बँकेत गेलो, ते म्हणाले पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, गुन्हा दाखल झाल्यावर पत्र देऊ. गुन्हा कधी? चौकशी चालू आहे. मी किती रजा टाकल्या? अकरा. त्यातल्या सात बिनपगारी. नोटरी म्हणाले, मी सह्या समोर झाल्याचं प्रमाणित करतो, मालकी बघत नाही. म्हणजे या सगळ्या साखळीत मालकी बघणारा कोणीच नाही. जो तो आपापल्या कागदापुरता.

शेवटी एका ओळखीच्या वकीलबाईंनी वाट दाखवली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) प्रमाणे पोलीस अधीक्षकांना अर्ज, तोही टपालाने रजिस्टर करून. तिघांनी एकच अर्ज केला, बँकेची स्टेटमेंट, करार, व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट जोडले. १८ जुलैला गुन्हा नोंदला गेला. पहिल्या अर्जानंतर ४६ दिवसांनी. तोपर्यंत त्या माणसाच्या खात्यात १,३४० रुपये उरले होते. पुढे त्या माणसाला अटकपूर्व जामीन मिळाला. आम्ही हेलपाटे घालतोय आणि तो कुठल्यातरी टपरीवर पांढरा शर्ट घालून बसलेला असेल, या विचाराने हातपाय थरथरतात.

सध्या आम्ही खेडला राहतो. भाडं ८,५००, डिपॉझिट २५,०००. या वेळी हिने आधी महावितरणचं बिल मागितलं, मग नगरपरिषदेची घरपट्टीची पावती, मग नोंदणी विभागाच्या साइटवर ई-सर्च करून इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा, त्यात मालकाचं नाव असतं) काढला आणि तिन्ही ठिकाणी एकच नाव आहे का ते बोट ठेवून वाचलं. शेजारच्या आजींना विचारलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारलं. मालकीणबाई आधी जरा रागावल्या, मग आमची हकिगत ऐकल्यावर स्वतः येऊन मशीनवर अंगठा ठेवून गेल्या. पैसे त्यानंतर दिले, सगळे बँकेतून.

एजंट अजून त्याच टपरीवर बसतो. त्याचं म्हणणं, मी फक्त ओळख करून दिली. दलाली त्याने तिघांकडून घेतली आहे, परत एक रुपया दिलेला नाही. एजंट कुणाचाही असो, त्याच्या हातात काही देण्याआधी सोसायटीत जाऊन मालकाचं नाव विचारा.

एप्रिल ते जून २०२५ मध्ये चिपळूण परिसरात अशाच पद्धतीने, नोटरी करारावर, दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटसाठी कुणी पैसे दिले असतील तर लाजून गप्प बसू नका. आम्हाला दाट संशय आहे की चौथं कुटुंबही आहे, कारण तिसऱ्या कुटुंबाला दाखवलेल्या चावीवर वेगळ्याच फ्लॅटचा नंबर होता. आमच्याच गुन्ह्यात तुमचा जबाब जोडता येतो, त्यासाठी नवीन तक्रार लागत नाही असं वकीलबाई म्हणतात. जबाब द्यायला येताना बँकेचं स्टेटमेंट आणि त्या स्टॅम्पपेपरची मूळ प्रत आणा, झेरॉक्स नको.