नगरपरिषदेच्या मुद्रेसाठी उठाव प्रेस: मुठीतली की टेबलावरची?

कागदावर उठाव, म्हणजे शाईशिवाय उठून दिसणारा ठसा, काढणाऱ्या प्रेस दोन प्रकारच्या मिळतात. एक मुठीत धरून दाबायची, साधारण ४० मिमी साच्याची. दुसरी टेबलावर ठेवून लांब दांड्याने दाबायची, ५० मिमीची. नगरपरिषदेने दुसरीच घ्यावी. गावाचे पूर्ण नाव, जिल्हा, स्थापनेचे साल आणि मधले बोधचिन्ह एवढे सगळे ४० मिमीत बसवायचे म्हणजे अक्षरे इतकी बारीक होतात की रफार आणि अनुस्वार कागदावर उठतच नाहीत. शिवाय मुठीतल्या प्रेसचा जबडा उथळ असतो, त्यामुळे ठसा कागदाच्या कडेलाच बसतो, सहीपर्यंत पोचत नाही.

खरी परीक्षा देवनागरीची असते. गोलाच्या वरच्या कमानीत शिरोरेषा बाहेरच्या बाजूला येते आणि अक्षरांमध्ये फटी पडतात. खालच्या कमानीत ती आत येते आणि अक्षरे एकमेकांवर चढतात. संगणकावर अक्षरे नुसती गोल फिरवून साचा कोरला की हे हमखास होते. कोरणाऱ्याला शिरोरेषा एकसलग कंस म्हणून वेगळी काढायला सांगा आणि कोरण्याआधी कागदी नमुना मंजुरीसाठी मागा. शिवाजी महाराजांच्या ‘प्रतिपच्चंद्रलेखेव’ मुद्रेत ही अडचणच नाही: मुद्रा अष्टकोनी, मजकूर आडव्या ओळींत. आकार ठरवताना हा पर्याय आपल्याकडे अजूनही कोणी विचारात घेत नाही, याची खंत वाटते. अर्थात ती मुद्रा शाईची होती. पत्राच्या माथ्यावर शिक्का आणि शेवटी मोर्तब, म्हणून तर आपण शिक्कामोर्तब म्हणतो.

साचे जोडीने येतात, नर (उंच अक्षरांचा) आणि मादी (खोल कोरलेला). दोन्ही पितळी असतील तर उत्तम. नर साचा प्लास्टिकचा असला तर रोजच्या वापरात त्याच्या कडा बोथट होतात आणि उठाव पुसट होत जातो. घेतानाच साध्या ७५ जीएसएमच्या कागदावर आणि जाड मुद्रांक कागदावर दाबून बघा. ठसा एका बाजूला गडद, दुसऱ्या बाजूला फिका आला तर साचा कललेला आहे. धारक स्क्रू ढिला करून, साचा सरळ बसवून पुन्हा आवळा. कडेने कागद कापला जात असेल तर नर-मादी एकमेकांसमोर नीट आलेले नाहीत. अशा वेळी दांड्यावर जोर वाढवला तर कागद आणखी फाटतो.

उठावाची एक मोठी उणीव आहे: झेरॉक्समध्ये तो जवळजवळ दिसत नाही. प्रत काढायच्या कागदावर लाल कागदी चकती चिकटवून तिच्यावर ठसा घ्या, किंवा उठावावरून पेन्सिलीचे शिसे आडवे, हलक्या हाताने फिरवा. लॅमिनेशन मात्र करूच नका, उष्णतेने आणि दाबाने उठाव सपाट होतो.

सामाईक मुद्रा नगरपरिषदेला १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाने दिलेली आहे. कंपन्यांना कंपनी कायद्याच्या २०१५ च्या दुरुस्तीने मुद्रा ऐच्छिक झाली, त्यावरून आपलीही गरज संपली असे समजू नये. बोधचिन्हात अशोकस्तंभ परवानगीशिवाय घालू नका. त्यासाठी २००५ चा स्वतंत्र कायदा आहे.

नाव किंवा दर्जा बदलला की साचाही बदलावा लागतो. पुणे नगरपालिकेची १५ फेब्रुवारी १९५० रोजी महानगरपालिका झाली. औरंगाबादचे २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले. अशा बदलांमुळेच तारीख फाटून गेलेला कागद कोणत्या काळातला, हे पुढे ठशावरून ओळखता येते. म्हणून जुना साचा भंगारात टाकू नका. त्याचे शेवटचे दोन ठसे कोऱ्या कागदावर घ्या, शेजारी वापर बंद झाल्याची तारीख लिहा आणि तो कागद पाकिटात घालून अभिलेख कक्षात ठेवा. मग साच्यावर कानशीने आडवी रेघ मारून तो बाद करा आणि त्याच पाकिटात घाला.